मॅडम, इन्स्पेक्टर साहेब आणि फरीदाबादचा सतबीर

“नवीन माणूस वॉर्डात आलं की आधी काही दिवस नुसतं भिंतीकडे बघतं. बघू द्यायचं. ‘काय झालं, काय झालं’ करून मागे लागायचं नाही.”

हे आमच्या सासूबाई सासऱ्यांना समजावत होत्या. नवीन माणूस म्हणजे मी. लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या आड बसून डाळिंब सोलते आहे, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

“पण मॅडम, जेवते तरी का नीट?” सासऱ्यांनी विचारलं.

“जेवते. झोपते. आईशी फोनवर हसून बोलते. काळजीचं कारण नाही.”

खरं तर मला राग यायला हवा होता. पण माहेरी मिरजेला मला सगळे ‘घुमी’ म्हणायचे, आणि इथे पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या गप्प बसण्याकडे इतक्या तज्ज्ञपणे बघत होतं. मी ओढणी तोंडात धरून हसले आणि पुढचं डाळिंब घेतलं.

आमच्या घराची रचना सांगायला हवी. सासूबाई, म्हणजे आई, एका सरकारी मनोरुग्णालयात सोशल वर्कर आहेत. त्यांचा वॉर्ड पोलीस आणि कोर्टाकडून येणाऱ्यांचा. म्हणजे हातून गुन्हा घडला आहे आणि मन ठिकाणावर नाही, अशांचा. सासरे, म्हणजे बाबा, दिल्ली पोलिसांतून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. बाबांचे वडील सरकारी नोकरीत बदलून दिल्लीला आले, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि परत गेलेच नाहीत. आता आम्ही द्वारकेला असतो. डोक्यावरून विमानं जातात आणि तेवढ्यापुरतं सगळ्यांचं बोलणं थांबतं. बाबा आईंना आजही ‘मॅडम’ म्हणतात. आई चिडल्या की बाबांना ‘इन्स्पेक्टर साहेब’ म्हणतात. नवरा सौरभ गुरुग्रामला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं.

आणि आई-बाबांकडे इतके किस्से आहेत की विचारू नका. ते माझ्यापाशी साठत गेले, कारण मी बोलत नाही. गप्प माणूस म्हणजे लोकांना रिकामी खोली वाटते. जो तो येऊन आपलं सामान ठेवून जातो. नावं मात्र मी सगळी बदलली आहेत. आईंची तेवढी एकच अट होती.

*

पहिला किस्सा सतबीरचा सांगायला हवा. तो अजून संपलेला नव्हता आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज असायचा.

सतबीर फरीदाबादचा, एका कारखान्यात लेथवर काम करायचा. आजारात त्याला वाटायला लागलं की शेजाऱ्याच्या पाण्याची मोटर त्याच्या मनातलं सगळं गल्लीला ऐकवते. एक दिवस त्याने पाना घेऊन मोटर फोडली. शेजारी आडवा आला, त्याचंही डोकं फुटलं. शेजारी टाके घालून घरी गेला. सतबीर आधी जेलमध्ये आणि मग आईंच्या वॉर्डात आला.

आता तो बरा होता. कोर्टाने जामीन दिला होता, डॉक्टर सोडायला तयार होते. फक्त घरच्या कुणीतरी येऊन जबाबदारी घ्यायची होती. घरचं कुणीतरी म्हणजे मोठा भाऊ ओमवीर. तो फोनवर दर वेळी म्हणायचा, “इस गुरुवार पक्का.” गुरुवारी त्याची सुटी असायची. मग सतबीर दर गुरुवारी दाढी करून, केस ओले करून भांग पाडून वॉर्डाच्या दाराशी बसायचा. संध्याकाळी आई त्याच्यासमोरूनच घरी निघायच्या, तेव्हा तोच त्यांची समजूत घालायचा, “मैडम, ओवरटाइम लग गया होगा.”

त्या महिन्याअखेर कुणी आलं नाही, तर त्याला दूरच्या एका निवारागृहात पाठवणार होते. तिथे गेलेला माणूस परत घरी गेल्याचं आईंनी नोकरीत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

“एकदाही?” मी विचारलं. त्या आठवड्यातला माझा तो एकमेव प्रश्न असावा.

आईंनी वाटीत वरण वाढलं. “एकदाही नाही,” म्हणाल्या.

*

आई-बाबांचं जमलं कसं, हे मला सौरभने सांगितलं. पण त्याने फारच थोडक्यात सांगितलं, म्हणून मी बाबांकडून पुन्हा ऐकलं.

बाबा तेव्हा नवे सब-इन्स्पेक्टर होते. एक माणूस चौकात उभा राहून ट्रॅफिक सांभाळायचा. चांगला सांभाळायचा, पण एकदा त्याने एका मोठ्या साहेबाची गाडी अडवली आणि बॉनेटवर चढून चलान मागितलं. बाबा त्याला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. तेव्हा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा आणि मॅजिस्ट्रेट घरी गेलेले. गेटवर एक तरुण सोशल वर्कर उभी होती. ती म्हणाली, हुकूम नाही तर भरती नाही. बाबा म्हणाले, मग मी याला ठेवू कुठे? लॉकअपमध्ये ठेवला तर सकाळी तुम्हीच मला नोटीस पाठवाल. ती म्हणाली, पाठवणारच. बाबा म्हणाले, मैडम, क़ानून मुझे मत सिखाइए. ती म्हणाली, किसी को तो सिखाना पड़ेगा.

हे बराच वेळ चाललं. भांडता भांडता दोघांनाही कळलं की समोरचं माणूस मराठी आहे, तेव्हा भांडण मराठीत सुरू झालं. ते आणखी चांगलं रंगलं.

शेवटी तो पेशंट उठला. दोन्ही हात पसरून त्याने आधी बाबांना थांबवलं, मग आईंना थांबवलं आणि मधली वाट मोकळी करून म्हणाला, “आप लोग साइड में लगाकर बात कीजिए. पीछे जाम लग रहा है.”

आणि स्वतः आत जाऊन रिकाम्या खाटेवर बसला.

*

अशा आई-बाबांच्या पोटी सौरभ जन्मला. लहानपणी त्याने क्रिकेट खेळताना समोरच्यांची काच फोडली. बाबांनी खुर्चीवर बसवून विचारलं, “घटनेच्या वेळी तू कुठे होतास? सोबत कोण होतं? बॅट कुठाय?” ते झाल्यावर आईंनी जवळ घेतलं आणि विचारलं, “काच फुटली तेव्हा तुला आतून कसं वाटलं?”

सौरभ म्हणतो, “यार, बाकीच्या मुलांना दोन चापट्या बसायच्या आणि ते परत खेळायला जायचे. माझी संध्याकाळ जायची.”

अजूनही तो ऑफिसातून उशिरा आला की बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारतात, “आमद कहाँ से?” म्हणजे ठाण्याच्या भाषेत, आलास कुठून. आणि आई म्हणतात, “आधी पाणी पिऊ दे, मग बोलेल तो.”

*

कैदी पेशंट वॉर्डात असला की त्याच्याबरोबर सतत एक शिपाई असतो. ड्यूट्या बदलतात, माणसं बदलतात, खुर्ची तीच. पण एकदा झज्जरचा दलबीर नावाचा शिपाई बरेच दिवस सलग आला.

सकाळी वॉर्डात सगळे गोल बसतात आणि एकेकजण आपलं सांगतो. झोप कशी लागली, मनात काय चाललंय, कुणाची आठवण आली. दलबीरचा कैदी त्या गोलात बसायचा, म्हणून दलबीर दाराशी उभा. हाताची घडी, चेहरा कडक. काही दिवसांनी त्याने स्टूल ओढून घेतलं. मग स्टूल जरा आत आलं. मग आणखी आत. एके दिवशी सगळ्यांचं बोलून झालं, आई उठल्या, तर मागून आवाज आला, “मैडम, मेरा नंबर छूट गया.”

आई परत बसल्या. दलबीरचे वडील वारले तेव्हा त्याला सुटी मिळाली नव्हती. बंदोबस्त होता. ते तो आत्ता सांगत होता. त्याच्या कैद्याने उठून त्याला पाणी आणून दिलं.

पुढे त्याची ड्यूटी दुसरीकडे लागली. काही दिवसांनी त्याच्या बायकोचा आईंना फोन. “डॉक्टरनी जी, आप इनको जो दवाई दे रही थीं, उसका नाम बता दो. अब फिर से चिल्लाने लगे हैं.”

आई म्हणतात, “आता तिला काय सांगू? रोज सकाळी स्टूल द्या म्हणून?”

*

बाबांच्या एका ठाण्यात वर्माजी म्हणून रिटायर्ड हेडक्लार्क यायचे. पेपरात कुठल्याही गुन्ह्याची बातमी आली की इस्त्रीचा शर्ट घालून येणार आणि सांगणार, “वो मैंने किया है. गिरफ़्तार कर लीजिए.” चोरी, दरोडा, बँकेतली अफरातफर, काहीही. ठाण्याचा मुन्शी, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारा हवालदार, अनुभवी होता. वर्माजी दिसले की तो आधी चहा सांगायचा आणि मग त्यांच्या मुलीला फोन करायचा, “बेटा, पापाजी की गोली छूट गई है.” ती यायची, घेऊन जायची, ओपीडीत दाखवायची. वर्माजी पुन्हा दोन-तीन महिने निर्दोष!

एकदा ते आले तेव्हा नेमका एक घरफोड्या पकडून आणलेला होता. अट्टल. सकाळपासून विचारून बाबा थकले. “मैं तो उस गली में गया ही नहीं साहब” यापलीकडे एक शब्द नाही. तेवढ्यात वर्माजी टेबलासमोर बसले आणि त्याच घरफोडीची कबुली द्यायला लागले. खिडकी कशी कापली, आत कसा शिरलो, कपाट कसं उघडलं. म्हणाले, हथौड़ी से तोड़ा.

कोपऱ्यातला घरफोड्या चुळबुळ करायला लागला. वर्माजी दुसऱ्यांदा हथौड़ी म्हणाले, तेव्हा त्याला राहवलं नाही. “साहब, इनका नाम मत लिखना. हथौड़ी से? पूरा मोहल्ला जाग जाता! मैंने तो एक खरोंच नहीं आने दी.”

बाबांनी पेन उचललं. वर्माजी मात्र फार नाराज होऊन घरी गेले.

*

आता पोलिसांना शिकवायला हॉस्पिटलची माणसं जातात. आईंचं लेक्चर ठरलेलं आहे. आजारी माणूस चिडलेला असेल तर घेराव घालू नका. आवाज खाली. नाव विचारा. त्याच्या बाजूला बसा, समोर नको. आणि ऐका. मधे तोडू नका.

हे ऐकून गेलेला मोनू नावाचा एक तरुण शिपाई. एक माणूस विटा घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला होता आणि खाली जो येईल त्याच्यावर फेकत होता. मोनू एकटा वर गेला. आवाज खाली, बाजूला बसला, नाव विचारलं, दुपारभर ऐकत राहिला. शेवटी तो माणूस विटा तिथेच ठेवून त्याच्यासोबत उतरला, त्याच्याच मोटारसायकलवर बसून हॉस्पिटलमध्ये आला.

आईंना इतका आनंद झाला. सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, बघा, याला म्हणतात काम. पण मोनू हलेना. तोंड लाल.

“क्या हुआ बेटा?”

“मैडम, ये तो आपके यहाँ ठीक हो जाएगा. पर मैंने पूरी बात सुनी है. इसके साले को मैं नहीं छोड़ूँगा.”

आईंच्या लेक्चरमध्ये तेव्हापासून एक वाक्य वाढलं आहे. ऐका, पण परत या.

*

तर सतबीर.

बाबांनी ठरवलं, आपण जाऊन बघू. मला बरोबर घेतलं. म्हणाले, सोबत सून असली की लोक जरा सभ्य वागतात. मेट्रोने फरीदाबादला गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, शेजाऱ्याच्या भिंतीवर नवी मोटर. ओमवीर भला माणूस. बाबांनी बसल्या बसल्या आपला जुना आवाज काढला, “भाई है कि नहीं तेरा? हाँ या ना?” ओमवीर ताडकन उभाच राहिला. “है जी. गुरुवार को आता हूँ जी.” बाबा वाटेत मला म्हणाले, “देखा? थोडा धाक लागतो.”

गुरुवारी तो आला नाही.

मग आई गेल्या. मलाच घेऊन. आईंनी ओमवीरच्या बाजूला बसून, आवाज खाली ठेवून त्याला बोलतं केलं. तो रडला. लहानपणी सतबीरला खांद्यावर बसवून जत्रेत नेल्याचं सांगितलं. आईंचेही डोळे भरले. “गुरुवार को पक्का, मैडम.” आई वाटेत मला म्हणाल्या, “बघ, माणसाला मोकळं होऊ द्यावं लागतं.”

गुरुवारी तो आला नाही.

आमच्या घरी त्यावर वाद झाला. बाबा म्हणाले, तुम्ही त्याला रडवून हलका केलात, आता कशाला येईल? आई म्हणाल्या, तुम्ही त्याला घाबरवलंत, म्हणून तो मला खरं बोललाच नाही. दोघांनी आपापल्या चुका सोडून सगळ्या चुका काढल्या. मी मेथी निवडत होते.

मला एक गोष्ट दिसली होती, पण ती सांगण्यासारखी आहे की नाही हे कळत नव्हतं. दोन्ही वेळी चहा ओमवीरच्या बायकोने दिला होता. कमलेश तिचं नाव. दोन्ही वेळी ती स्वयंपाकघराच्या दारात पदर दातात धरून उभी होती, आणि ओमवीर प्रत्येक उत्तराआधी एकदा तिकडे बघायचा. बाबांना वाटलं, तो पळायची वाट बघतोय. आईंना वाटलं, तो डोळ्यांतलं पाणी लपवतोय. तिला कुणी काही विचारलं नाही. मला कळलं, कारण नवीन घरात मीसुद्धा अशाच दारात उभी राहते.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ओमवीर स्वतःच द्वारकेला आमच्या घरी आला. सोबत कमलेश, हातात पेढ्यांचा पुडा. सोमवारी गाडी सतबीरला निवारागृहात नेणार होती आणि ओमवीर आला होता तो माफी मागायला. म्हणाला, आप लोगों ने बहुत किया, पर हमसे नहीं होगा.

बाबा म्हणाले, “नहीं होगा मतलब?”

आई म्हणाल्या, “तुम्ही थांबा. ओमवीर, बैठो. क्या डर लग रहा है?”

“डर-वर कुछ नहीं, मैडम, इसको आदत पड़ गई है,” बाबा म्हणाले.

“इन्स्पेक्टर साहेब, मला बोलू द्याल?”

बाहेर हे सुरू झालं, तशी कमलेश रिकामं ताट उचलून माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. मी पोळ्यांची कणीक मळत होते. तिने न विचारता लाटणं घेतलं. मी तवा ठेवला. थोडा वेळ ती लाटत होती, मी भाजत होते. मग तीच बोलायला लागली.

“मुझे सतबीर से डर ना लगता. मैं ब्याह के आई तब इत्ता-सा था. मेरे हाथ की रोटी गिन के ना खाता था कभी.”

मी पोळी उलटली.

“उस दिन भी सुबह से पता था मुझे. मोटर से बात कर रहा था. ये तो ड्यूटी पे थे. मैंने थाने फोन किया. बोले, किसी को मारा क्या? मैंने कहा, अभी तो ना. बोले, मारे तब बताना.” तिने पीठ झटकलं. “फिर अस्पताल में किया. बोले, लेकर आओ. मैं कैसे ले आती? गोद में?”

बाहेर एक विमान गेलं. दोघी थांबलो.

“ये लोग रोज इनसे पूछें, भाई को ले जाओगे? घर में तो मैं रहूँ सारा दिन. कोई मुझे बता दे कि अगली बार किसको बुलाना है और वो आएगा कि ना. मैं कल सुबह ले जाऊँ उसे. दाल में एक मुट्ठी और सही.”

“हे बाहेर सांगता का?” मी तिला हिंदीत विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. “तुम कह दो. तुम्हारे तो अपने हैं.”

मी गॅस बंद केला. हात कणकेचेच होते. बाहेर आले तेव्हा बाबा ओमवीरला जबाबदारी म्हणजे काय ते सांगत होते आणि आई बाबांना भाषा म्हणजे काय ते सांगत होत्या. ओमवीर दाराकडे बघत होता. सौरभने मला बघितलं आणि हातातला फोन खाली ठेवला, कारण मी खोलीच्या मधोमध उभी होते, आणि अशी मी कधी उभी राहत नाही.

“आई, बाबा,” मी म्हणाले, “कमलेशवहिनी उद्या सकाळी सतबीरला घरी न्यायला तयार आहेत. त्या दिवशी मोटर फुटायच्या आधी त्यांनी दोन फोन केले होते. ठाणं म्हणालं, मारलं की सांगा. हॉस्पिटल म्हणालं, घेऊन या. पुढच्या वेळी त्यांनी फोन केला, तर तुमच्या दोघांपैकी उठून कोण जाणार, एवढंच त्यांना हवंय. तुम्ही ठरवा, तोवर आमच्या पोळ्या होतील.”